आत येईल, पण बाहेर कसा जाईल?

बाबा, आपल्या हॉलमध्ये सध्या वर्तमानपत्रं चिकटवून पसरली आहेत आणि मी त्यांच्या कडेकडेने चालते आहे. ‘आपल्या’ हे सवयीने लिहिलं. वारज्याचं हे घर तुम्ही पाहिलेलंच नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आईने आणि मी ते घेतलं. चौथा मजला, दोन खोल्या, एक बाल्कनी, आणि चार माणसांची म्हणवणारी पण चौथ्याला पोट आत ओढून उभं राहायला लावणारी लिफ्ट. कागद पसरलेत ते आईची कॉट होती त्या जागेवर. आई जाऊन दोन वर्षं झाली, कॉट मी तेव्हाच देऊन टाकली, पण स्वयंपाकघरात जाताना अजूनही त्या जागेला वळसा घालते. त्यामुळे कागदांची अडचण अशी काही होत नाही.

कागद कशासाठी, ते तुम्ही दारातूनच ओळखलं असतं. बुधवार पेठेतल्या दुकानात तुम्ही नावाला फ्रीज विकायचात, पण तुमचं खरं लक्ष तो मावतो की नाही यावर. गिऱ्हाईक पैसे काढून तयार असायचं आणि तुम्ही म्हणायचात, “आधी घर बघू.” सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचात, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागायचं. मी भिंतीशी टोक दाबून उभी, तुम्ही दुसरीकडे वाकलेले, आणि घरातली बाई हातात चहा घेऊन खोळंबलेली. प्रत्येक माप दोनदा. मग फ्रीजच्या मापाचा कागद कापून जमिनीवर ठेवायचा आणि सांगायचं, “आठवडाभर यावर पाय न देता राहून बघा. जमलं तर दुकानात या.” बरेच जण परत यायचेच नाहीत. मालक वैतागून म्हणायचे, “अहो, तुम्ही माल विकायला आहात की लोकांना शहाणं करायला?” तुम्ही नुसता चष्मा पुसायचात. कागद घातल्यावर तुम्ही जिन्यात जायचात. वळणावर थांबून वर बघायचात, खाली बघायचात आणि तुमचा ठरलेला प्रश्न विचारायचात: “आत येईल. पण बाहेर कसा जाईल?” लोक हसायचे. आत आलेला फ्रीज बाहेर कशाला जाईल, असं त्यांना वाटायचं.

डेक्कनकडच्या त्या बंगल्यातला दिवस तुमच्या लक्षात असेल का? तिथे एक भलंमोठं कुत्रं होतं, माझ्या खांद्याला लागणारं. मी टेप धरून उभी असताना ते आलं आणि माझा हात हुंगायला लागलं. मी टोक सोडलं आणि दोन्ही हात त्याच्या मानेभोवती टाकले. टेप सरसर परत तुमच्या हातात. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडत नव्हतात, त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं. “टोक धरायचं, एवढंच काम होतं,” तुम्ही म्हणालात, आणि माप पुन्हा घेतलंत. परत येताना लकडी पुलावर मी विचारलं, आपण असा कुत्रा आणायचा का? तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. पूल संपता संपता म्हणालात, “आत येईल. बाहेर कसा जाईल?” मी रडले. तुम्ही मला चौकात उसाचा रस पाजलात, आणि विषय तिथेच संपला.

तर आता विषय पुन्हा निघाला आहे. शेजारच्या इमारतीत अमरावतीकडचा एक मुलगा राहतो, खराडीला कंपनीत आहे. त्याने आणि त्याच्या बायकोने ग्रेट डेनचं पिल्लू आणलं होतं. “इतकुसं होतं जी, मॅडम,” तो मला सांगत होता, “शर्टात घालून आणलं आम्ही. नेटवर लिहिलं होतं, फ्लॅटमध्ये चालते म्हणून.” वर्षभरात ते इतकुसं टेबलावरचं ताट उभ्याउभ्या चाटायला लागलं. आता कंपनी त्याला परदेशात पाठवते आहे, बायको बरोबर जाणार, आणि कुत्र्याला कोणी घ्यायला तयार नाही. बघायला येणारे फोटो काढतात आणि जातात. मी संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसातून परत येते तेव्हा तो मुलगा त्याला फिरवत असतो. एकदा मी बोलायला थांबले. कुत्रा माझ्याजवळ आला, वळला, आणि सगळं अंग माझ्या मांडीला टेकून उभा राहिला. उडी नाही, चाटणं नाही, नुसता टेकला. ही मोठी कुत्री म्हणे अशीच करतात. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले, पडू नये म्हणून. तो मुलगा म्हणाला, “सॉरी हां मॅडम, वजनदार आहे तो.” मी म्हटलं, असू दे. बाबा, आईला मी आधार देऊन न्हाणीघरात न्यायचे, त्यानंतर माझ्यावर कोणी भार टाकलेला नव्हता. घरी आले आणि पोळ्या करता करता रडू आलं. का ते कळत होतं, म्हणून जास्तच आलं.

पण मी तुमची मुलगी. रडून झाल्यावर टेप काढली. दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून त्यावर वरवंटा ठेवला. कुत्रा पाय पसरून झोपला तर किती जागा खाईल ते त्या मुलाला विचारलं, कागद कापले, चिकटवले. लिफ्ट मोजली. तो आत मावतो, पण वळू शकत नाही. म्हणजे जाताना तोंड पुढे, बाहेर येताना शेपटी पुढे, आणि आपल्या शेजारच्या काकू दारात उभ्या असल्या तर त्यांना आधी शेपटीचं दर्शन. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते तुमच्याच वळणाचे. म्हणाले, “बाई, कुत्रा पाळताय की वासरू? तुमचं वजन किती?” मी सांगितलं. “त्याचं जास्त आहे. रस्त्यात मांजर दिसली की कोण कोणाला फिरवेल?” मग चष्मा वर करून नीट बोलले. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरणार, सांधे जाणार, तेव्हा सगळीकडे जाड सतरंज्या हव्यात. उन्हाळा त्याला सोसत नाही. जेवल्यावर पळवायचं नाही, पोट फुगून आतल्या आत पीळ पडतो आणि मग लगेच दवाखाना गाठावा लागतो, उद्या बघू म्हणून चालत नाही. रिक्षावाला त्याला घेणार नाही. खाणं माझ्या तिप्पट, औषधंही वजनाच्या हिशेबात. “आणि एवढं करून,” ते म्हणाले, “ही जात फार जगत नाही. आठ वर्षं मिळाली तर नशीब समजा.” मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, “एकट्या राहता ना? लिफ्ट बंद पडली आणि तो आजारी असला, तर चौथ्या मजल्यावरून खाली कोण आणणार?” इतक्या वर्षांनी तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून आला.

घरी येऊन ठरवलं, नाही म्हणायचं. सगळी मापं नाहीच म्हणत होती. आणि मग मला तुमचा राग आला, बाबा. खरोखर आला. तुमचा तो प्रश्न मी जन्मभर दाराला लावून ठेवला. तुम्ही गेल्यावर एक माणूस आपल्या घरी दोन-तीनदा चहाला आला होता, ऑफिसातला, सभ्य. आईला आवडला होता. मी काय केलं? त्याचं घर लहान, त्याची आई आजारी, माझी आई एकटी, पुढे कसं होईल, पटलं नाही तर काय, असं सगळं मोजलं आणि त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. मैत्रिणी झाल्या त्याही बेतानेच. गावाला जायचं तर परतीचं तिकीट आधी. सगळं कसं नीट मावलं, काहीही अडकलं नाही, आणि आता संध्याकाळी किल्ली फिरवून दार उघडलं की मी टीव्ही लावते, बघायला नाही, नुसता आवाज असावा म्हणून.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही कसे बाहेर जाणार, ते तुम्ही कुठे मोजलं होतं? पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्या, तो काटकोनात वळणारा जिना. सकाळी दाढी करता करता गेलात. तिरडी वळणार नाही म्हणून खालचे लोक आपसात कुजबुजत होते, आई कोपऱ्यात बसून होती, आणि मी दारात उभी राहून मनात जिना मोजत होते, कारण दुसरं काही येत नव्हतं. मग दुकानातले दोघं हमाल आले. तुमच्याबरोबर पुण्यातले सगळे जिने चढलेले. कोणी बोलावलं होतं त्यांना, मला आजही माहीत नाही. एकाने वळण बघितलं आणि दुसऱ्याला म्हणाला, “साहेब सांगायचे तसंच. पायाकडची बाजू आधी, मग उभं धरून वळव, घाई करू नको.” कुठेही धक्का न लागू देता तुम्हाला खाली नेलं त्यांनी. खाली पोचल्यावर त्यातला एक भिंतीला डोकं लावून ढसाढसा रडला. मी हे इतकी वर्षं फक्त तुमच्या जाण्याची आठवण म्हणून ठेवलं होतं. तुमच्याच प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, हे या कागदांच्या कडेने चालताना कळलं. माणसं आली होती. तुम्ही मोजून ठेवलेली नव्हती, तरी आली.

माझ्यासाठी किंवा त्या कुत्र्यासाठी कोणी येईल का, ते मला माहीत नाही. आमच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “बघू ना ताई, तेव्हाचं तेव्हा.” याला काही उत्तर म्हणत नाहीत.

काल दुपारी तो मुलगा कुत्र्याला घर दाखवायला घेऊन आला. मी नाही म्हणायची वाक्यं तयार ठेवली होती, आणि नकार पक्का व्हावा म्हणून टेप हातात घेतली होती, शेवटचं माप म्हणून. कुत्रा लिफ्टमधून शेपटी पुढे करून उतरला, घरात आला, कागदांवर चढला, दोनदा गोल फिरला, निम्मे कागद फाडले आणि आडवा झाला. मापाच्या बाहेर चांगला हातभर. मी टेपचं टोक त्याच्या नाकापाशी ठेवलं आणि वरवंटा आणायला उठले. परत आले तर त्याने टोकावर पंजा ठेवलेला, घट्ट. मी दुसरीकडून टेप ओढली, तरी सोडलं नाही. “मग काय करायचं जी, मॅडम?” तो मुलगा दारातून विचारत होता, आणि त्याचा आवाज असा, की त्यालाही उत्तर नकोच होतं. मी म्हटलं, “ठेवते मी याला.” त्याने खाली बसून कुत्र्याच्या अंगात तोंड खुपसलं. मी चहा टाकायला आत गेले, त्याला रडायला वेळ मिळावा म्हणून.

पुढच्या रविवारी येतोय कुत्रा, कायमचा. सतरंज्या आणल्यात. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्ही हसाल. हे पत्रही कुठे जाणार नाही, ते सतरंजीखालीच जाईल बहुधा. एक मात्र सांगायचं राहिलं. पंजा टोकावर होता आणि मधे टेप वाकली होती, त्यामुळे ते माप साफ चुकलं, बाबा. तुम्ही असतात तर पुन्हा घ्यायला लावलं असतंत. मी घेतलं नाही.