तळ्याच्या चिखलाला हवा खाऊ घातल्याबद्दल

उमेओ, १४ एप्रिल

तीर्थरूप टॉर्ग्नीमामांस हिलेवीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, सिग्नेमामी आणि तळ्यावरचा बर्फ, तिघेही जागच्या जागी असतील अशी आशा. माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रू तेवढी गेली, ती तुमच्या कृपेने.

तुम्हाला आठवत असेल (नसेलच; मी सांगत होते तेव्हा तुम्ही घोरत होतात), तुम्ही बर्फाला भोक पाडून जो चिखल पाठवता, त्यातल्या एकपेशीय जीवांवर माझा प्रबंध आहे. त्यांच्यासाठी ऑक्सिजन म्हणजे विष. तरी त्या सगळ्यांजवळ ते विष निकामी करणारं एन्झाइम सापडलं. म्हणजे पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन येण्याआधीच त्यांच्या पूर्वजांनी ढाल घडवून ठेवली होती, असं मी तीन वर्षं घासून दोनशे पानांत मांडलं. गेल्या सोमवारी रीतीप्रमाणे प्रबंध विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकला. टाळ्या झाल्या, केक कापला, आणि नेमकं तेव्हाच तुमचं पोस्टकार्ड आलं.

आमच्या एल्मक्विस्टबाईंनी (माझ्या मार्गदर्शक, आवाज खणखणीत) ते सगळ्यांसमोर वाचलं. "पोरी, शाब्बास! तुझ्या चिखलाची मी कधी आबाळ केली नाही हो. पाठवायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी बरण्यांची झाकणं काढून ओसरीवर ठेवायचो. बिचाऱ्यांना जरा मोकळी हवा!" मामा, आपल्याकडे थंडीत तान्ह्या बाळांनासुद्धा बाबागाडीसकट अंगणात झोपवतात, हे मान्य. पण चिखल म्हणजे बाळ नव्हे! ज्यांच्याजवळ ढाल नव्हती ते तुमच्या ओसरीवरच गेले. उरलेले माझ्याकडे आले, आणि मी जगाला सांगत सुटले की बघा, झाडून सगळे ढालवाले. बाई एवढंच म्हणाल्या, "हिलेवी, खिळा फार खोल नाही ना गेला?"

प्रबंधाची जाहीर परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. मला झोप लागत नाही. मामींना नमस्कार, कुत्र्याला आशीर्वाद.

तुमची (अजून तरी) भाची,
हिलेवी

ता. क. मी रागावलेली नाही.

ता. क. २. रागावलेय. पण मामी फोनवर म्हणाल्या, पहिल्या हिवाळ्यातली एक बरणी तुम्ही तळघरात बटाट्यांमागे विसरलात, आणि आजवर कबूल करत नाही. न उघडलेली तेवढी एकच, म्हणजे माझं म्हणणं खरं की खोटं ते आता तीच सांगेल! तुमच्या टापटिपीचे गोडवे मी जन्मभर गाईन, पण विसरलो म्हणून एकदा सहीनिशी लिहून द्या. आणि खाली जाऊन ती जिवंत आहे का, हे झाकण काढून बघू नका.