गिरिजाला दिसलेलं कडं

बंगळूर, ९ ऑगस्ट १९९७

अक्कास हेमाचा नमस्कार.

आठे बठ्ठं बरं शे, कसलीच काळजी नाही, एवढं आईला वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे? कापसाची निंदणी झाली का? पुढचं फक्त तुझ्यासाठी.

एका जंतूचे दोन होताना त्याच्या मधोमध प्रथिनाचं कडं तयार होतं आणि ते आवळत जातं. ते चमकवून सूक्ष्मदर्शकातून बघायला मी आठ महिने राबतेय. मला नुसता अंधार दिसला. गिरिजा प्रयोगशाळेत मार्चमध्ये आली आणि सोमवारी तिला ते दिसलं.

"हेमा, आधी तू बघ," ती म्हणाली.

हिरवं, लखलखीत कडं होतं. मी म्हटलं, "कचरा असेल." तिने माझं ऐकून काचपट्टी टाकून दिली.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बुधवारी तिला खरं सांगितलं. तिने नवी काचपट्टी काढली. मग म्हणाली, "पुन्हा करू. पण फोटो निघेपर्यंत तू बाहेर थांब."

मी थांबले. आज फोटो निघाला. त्याखाली तिने दोघींची नावं लिहिली. एवढं मोठं मन तिच्याकडे आहे, याचाही मला हेवा वाटला, अक्का.

तुझीच,
हेमा