चिमटा सरकला

आबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजत नाही, पण आज तुमची धास्ती वाटते आहे, लहानपणी वाटायची तशी. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे आहात, हातात गावातल्या दोघा भावांच्या शेताच्या वाटणीचा नकाशा, पेन्सिलीच्या रेघांवर मी हौसेने शाई फिरवलेली. "त्यास्ले इचारं का?" एवढंच म्हणालात आणि अख्खा कागद फाडलात. मी दोन दिवस तुमच्यासमोर जेवले नाही. तुमची रीतच होती, आधी पेन्सिल, मग दोन्ही भावांनी कागदावर बोट ठेवून बांधावरून चालायचं, शाई त्यानंतर.

तुमचं मोजणीचं काम आता मी करते, पण पेन्सिल वापरत नाही. एक पेन आलं आहे, कागदावर शाईनेच चालतं. कागदाच्या डोक्याला चिमटा लावायचा, तो प्रत्येक रेघ स्वतःपासूनच्या अंतराने टिपून घेतो आणि घरी कम्प्युटरवर ती जशीच्या तशी उतरते. मग खोडा, सरळ करा, रंग भरा. तुम्ही नाक मुरडलं असतं.

गेल्या आठवड्यात शहाद्याजवळ केळीचं एक शेत मोजलं. थोरला भाऊ आणि धाकट्याची विधवा. बांध विहिरीच्या बरोबर मधून, पाणी निम्मं निम्मं. विहीर काढून झाली आणि वाऱ्याने कागद उडाला, चिमटा बोटभर सरकला. मी तसाच दाबला आणि पुढे बांध काढला. घरी पडद्यावर रेघा जुळेनात, तर माउसने अंदाजाने जुळवून टाकल्या. छापील नकाशा इतका देखणा निघाला की बोट ठेवा, चालून बघा, असं म्हणायचं सुचलंच नाही. थोरला गालात हसला तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "मी काय पाहू? तू आबास्नी पोर शे, तू काढं ते बरोबरच व्हई." आणि सही केली.

आज फाईल लावताना हाताने काढलेला कागद छापील नकाशाशेजारी ठेवला. छापील नकाशात विहीर अख्खी थोरल्याच्या बाजूला गेली आहे. उद्या सकाळी वाटणीपत्राची नोंदणी आहे. बोलले तर थोरला गावभर माझी अब्रू काढेल, पुन्हा कोणी मोजायला बोलावणार नाही. गप्प बसले तर तिची केळी उन्हाळा काढणार नाहीत. दुपारपासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला.

हे पत्र कुठे पाठवणार? खरं सांगू का, लिहायला घेतलं होतं ते तिच्यासाठी. तिचं नाव घालायची छाती झाली नाही, म्हणून वर तुम्हाला हाक मारली.