शोकेसमधली अंबिका

८ फेब्रुवारी २००४, रविवार
पेणकरपाड्याच्या नाक्यावर रोल संपवला. बदली होऊन सहा महिने झाले, हे शहर अजून परकंच. शैला आणि मुलगी जालन्यात. कॅमेरा डोळ्याला लावला की मात्र मला कुठेही उभं राहता येतं.
मजुरांना भाकऱ्या थापून देणारी अंबिका आमच्या जालन्याकडचीच निघाली! फोटोला नको म्हणाली, पदर पुढे ओढला. मी गावाकडचं बोलत राहिलो. हसली, तेव्हा काढला. याला परवानगी म्हणायचं का?

११ फेब्रुवारी
बँकेतून येताना तिच्याकडे जेवलो. नवऱ्याने जळक्या लाकडाने पाठ भाजली, म्हणून पळून आली. तो शोधतोय. "इथं मला कुणी वळखत नाही, त्येच बरंय दादा."

१५ फेब्रुवारी, रविवार
स्टुडिओवाल्या दशरथने तिचा फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावलाय. चांगला फोटो आला की न विचारता लावायचा, ही यांची रीतच. "साहेब, लोक थांबून बघतात." काढायला सांगायला हवं होतं. उद्या सांगतो.
खरं लिहू? रस्ता ओलांडून दोनदा बघून आलो.

१८ फेब्रुवारी
अजून सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी
एक माणूस काल तासभर शोकेससमोर उभा होता, असं दशरथ सांगत होता. आज पुन्हा आला. फोटो कुणी काढला विचारलं, आणि दशरथने पावती-पुस्तकातून माझा पत्ता देऊन टाकला! ताबडतोब फोटो शोकेसमधून उतरवायला लावला. अंबिकाला सांगायला नाक्यावर गेलो, तर ती आवरून गेलेली. घर ठाऊक होतं. उद्या सांगू म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
तो सकाळीच आला. अंबिकाचा भाऊ आहे म्हणाला. आई अंथरुणाला खिळलीय, लेकीला बघायचंय. चपला बाहेर काढल्या, सांभाळून बसला. सहा महिन्यांत अंबिका सोडली तर कुणी माझ्याशी आमच्या बोलीत बोललं नव्हतं. चहा केला. ती कुठे राहते ते सांगितलं. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं?

२३ फेब्रुवारी
अंबिका नाक्यावर नाही. खोलीचं दार उघडं, पीठ तसंच परातीत. शेजारची उर्मिला म्हणाली, काल दुपारी एक माणूस हाताला धरून घेऊन गेला. ओरडली का, विचारलं. "नाही. एकदम गप्प होती."

२५ फेब्रुवारी
चौकीत गेलो. हवालदाराने विचारलं, तो माणूस कोण म्हणून आला होता? भाऊ, म्हणालो. त्याने लिहून घेतलं. सही केली.

२८ फेब्रुवारी
बावीस तारखेचं खोटं लिहिलंय. तो स्वतःला भाऊ म्हणाला नव्हता. "बायको हाय माझी," म्हणाला. दारू सोडलीय, आता नीट नांदवीन म्हणाला. मी पत्ता दिला.
पोलीस जालन्यात तिचा भाऊ शोधतायत.