दुखण्याचा आकडा

३ मार्च

आज डोक्यावर यंत्र धरलं. टाळूपाशी नुसती टकटक, सुतारपक्षी बसल्यासारखी. दुखतात पाय आणि उपचार डोक्यावर! चाकाची खुर्ची ढकलताना नणंद वाटभर तेच म्हणत होती. "वहिनी, मघाशी पायावर डबा पडला तो तुला कळला नाही. मग त्याच पायांची आग कशी गं होते?"

डॉक्टरांनी समजावलं — मणका मोडल्यापासून पायांची खबर मेंदूला पोचत नाही. मग तो स्वतःच बातम्या रचतो.

"आमच्या शेजारणीसारखा," नणंद म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत.

यंत्रं दोन. एक खरं, एक नुसतं टकटकणारं. कोणाला कुठलं, हे यंत्र चालवणाऱ्या मुलीलाही ठाऊक नाही. शेवटी पाकीट उघडून सांगणार.

४ मार्च

शून्य ते दहा, किती दुखतं ते रोज सांगायचं. मी आठ म्हटलं. मुलीचं तोंड एवढंसं झालं. नवी नोकरी आहे तिची. "काहीच फरक नाही का, काकू?"

"बरं, सात लिही."

भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस.

५ मार्च

वाचायला बसले. आग गुडघ्यापर्यंत. तेच पान पुन्हा पुन्हा. बल्ब बदलणं ह्यांचं काम होतं. हे गेले, मग बल्ब गेला, मी स्टुलावर चढले आणि पडले. आता त्या बल्बखाली वाचताही येत नाही. एक पुस्तक शेवटपर्यंत वाचून व्हावं, बाकी मागणं नाही.

१० मार्च

दुपारी आम्ही तिघं असतो — मी, निवृत्त बसचालक आणि छपरावरून पडलेला रंगारी. बाहेर बाकावर बसचालक हळूच म्हणाला, "आज किती सांगणार?"

"सहा."

"मीपण सहाच. खरे नऊ आहेत. पण नऊ म्हटलं की पोरीचे डोळे भरतात."

रंगाऱ्याने कपाळाला हात लावला. "मी काल पाचावर जाऊन बसलो. आता वर कुठल्या तोंडाने जाऊ?"

ठरलं — एकदम उतरायचं नाही, संशय येईल. जिना उतरावा तसं, एकेक पायरी. तिघांपैकी एकालाही जिना उतरता येत नाही, हे नंतर लक्षात आलं.

१४ मार्च

मी चार सांगितले. मुलगी खुलली. घरी नणंद म्हणाली, "चार? मग सकाळी उशी कोणावर भिरकावलीस?"

१७ मार्च

पाकीट उघडलं. आम्हा तिघांना खोटं यंत्र होतं. खरं सकाळच्या तुकडीला. त्यांचं दुखणंही चारापाशीच आलं. म्हणून डॉक्टरांनी हिशेब मांडला — खोट्याने उतरतं तेवढंच खऱ्याने उतरतं, मग खऱ्याचा उपयोग काय? यंत्र परत जाणार.

सकाळच्या तुकडीतली एक शिक्षिका दाराशी बसून होती. "मला खरंच झोप लागायला लागली होती हो," येईल-जाईल त्याला सांगत होती. मी मान खाली घातली.

१८ मार्च

तिघंही डॉक्टरांपुढे गेलो. वयाने मोठी म्हणून मी बोलले. "आमचे आकडे खोटे आहेत."

"कुठले?"

"सगळेच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण का?"

बसचालक म्हणाला, "मुलगी चांगली आहे हो."

मागून नणंद म्हणाली, "हिला नाही म्हणताच येत नाही, डॉक्टर. माझ्या भावाचं स्थळ आलं तेव्हाही नाही म्हणाली नाही."

मी हसले. घरी आल्यावर ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसली.

आमचे आकडे रद्द. यंत्र राहणार. आता आम्हालाही खरं लावून बघणार.

२ एप्रिल

आज उठले तर आग लांब होती. दुसऱ्या कोणाच्या घराला लागल्यासारखी.

"तीन," मी मुलीला सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. "माझ्यासाठी नको, काकू. खरं किती ते सांगा."