आडव्या मानेचं मैदान

ती. स्पासदादास,

धाकट्या मेतोदीचा नमस्कार. पाठ कशी आहे? गुडघ्याला चोळायला म्हणून पाठवलेली जर्दाळूची दारू, आपली रकिया, तू पोटातून चोळलीस, असं वहिनी म्हणाली. असू दे, गुण आल्याशी कारण. आई माझ्यावर रोज ओरडते, म्हणजे ठणठणीत आहे.

बागेतल्या आपल्या फुटबॉलच्या मैदानाचा नवा आराखडा झाला. मैदान तरी काय राहिलंय म्हणा! मधोमध टक्कल, कडेला रानगवत, आणि नदीकडच्या गोलसमोर तू उभं राहून राहून पाडलेला खड्डा. तुला हॅनोव्हरला जाऊन तेवीस वर्षं झाली. त्यानंतर इथे डझनभर गोलकीपर उभे राहून गेले, पण खड्डा काही कोणाच्या मापाचा झाला नाही. पावसाचं पाणी साठलं की चिमण्या त्यात आंघोळ करतात.

तर नगरपालिकेने आराखड्यासाठी हॉलंडहून योस्ट नावाचा एक तरुण बोलावला. मुलगा गुणी, नम्र. पण त्यांच्याकडे म्हणे मान उभी हलवली की 'हो' आणि आडवी हलवली की 'नाही', आपल्या अगदी उलट! (मग ही माणसं लग्नाला होकार कसा देतात, देव जाणे.) सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये भरली. दारातच पेन्काकाकू सूर्यफुलाच्या भाजक्या बिया विकत होती, त्यामुळे आत दोनशे तोंडं कामात होती. योस्ट प्रश्न विचारी, दुभाषीणबाई कागदात डोकं घालून भाषांतर करी. मैदान ठेवायचं का? आम्ही जीव तोडून माना आडव्या हलवल्या. त्याने खिन्नपणे काहीतरी खोडलं. चढाईची भिंत हवी का? आम्ही हनुवट्या वर उडवल्या. (किरिलच्या मानेला पट्टा आहे, त्याचं मत धरलंच नाही.) पोराचा चेहरा उजळला. कारंजं? ध्यानाला बसायचा कोपरा? हनुवट्या वर, पुन्हा वर. इतकं एकमताचं गाव त्याने जन्मात पाहिलं नसेल.

आराखडा फळ्यावर लागला तेव्हा त्यात सगळं होतं, मैदान तेवढं नव्हतं. पेन्काकाकूने योस्टला बाजारातच गाठलं. "अरे मेल्या, माझ्या म्हाताऱ्याने तीस वर्षं तिथे शिट्टी फुंकली, आणि तू मला तिथे डोळे मिटून बसवतोस होय?" चूक उघडी पडली, दुसरी सभा झाली. या वेळी आम्ही पाहुण्याचा मान राखून त्याच्या रीतीने माना हलवल्या. पोरानेही आठवडाभर आरशासमोर सराव केला होता, त्याने त्या आमच्या रीतीने वाचल्या. निकाल तोच! शेवटी काकूने बिया थुंकल्या आणि तोंड उघडलं, पण तोवर वरच्या सह्या झाल्या होत्या. योस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवढं वाचवता आलं तेवढं त्याने वाचवलं, म्हणजे अर्धं मैदान आणि नदीकडचा एकच गोल. खाली मात्र रबराचा गालिचा येणार आणि खड्डा बुजणार.

खरं सांगू दादा? मैदानाचं मला एवढं काही नाही. संध्याकाळी मी त्या खड्ड्यात जाऊन उभा राहतो. (लोकांना वाटतं, मी मोजमापं घेतोय.) तिथे उभं राहिलं की तू घरी नाहीस हे जरा कमी जाणवतं. तो बुजल्यावर मी कुठे उभा राहू? तुझी फार आठवण येते रे. फोनवर हे बोलता येत नाही, शेजारी आई बसलेली असते.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
मेतोदी

ता. क. सहा मेला, संत जॉर्जच्या सणाला, मैदानावर शेवटची मॅच आहे. सात तारखेला यंत्र येणार. आपल्या अकरांतले आम्ही सहा उरलोय, बाकीचे जमवले. गोलकीपर तेवढा अजून ठरलेला नाही. (खरं म्हणजे ठरवलेला नाही.)

ता. क. दुसरा. गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर मी विचारलं, सणाला येशील ना? तू काही बोलला नाहीस, फक्त मान हलवलीस. आडवी. आई तिथल्या तिथे रडली आणि लगेच जाऊन सणाचं कोकरू सांगून आली. पण दादा, तेवीस वर्षं तू तिकडे आहेस. ती मान इथली होती की तिथली? एकदा अक्षरात लिहून कळव. 'हो' असेल तर पत्र आईच्या नावाने टाक. नसेल तर माझ्या नावाने.