अळंबीची कॉफी आणि दादाचं नाक

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राआधी डबाच उघडला असशील, तुला धीर कुठला! कुत्र्याच्या छत्र्या म्हणून तोंड वाकडं करू नकोस. माझ्या शेडमधली औषधी अळंबी आहे, वाळवून दळलेली. हल्ली लोक ती कॉफीत मिसळून पितात. कुणी म्हणतं झोप लागते, कुणी म्हणतं डोकं शांत राहतं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण मागणी अशी वाढलीय की कोपऱ्यावरचा कॅफेवाला रोज दारात उभा. त्याला दर महिन्याला तयार मिश्रण हवंय.

कॉफी मात्र तूच भाजायची. बाबांच्या मागे ज्या नाकावर तू दुकानाची भट्टी चालवलीस, तेच नाक मला हवंय. अळंबीचा मातीसारखा वास कॉफीवर चढत नाही ना, तेवढं बघ आणि प्रमाण कळव. लहानपणी मी बाहेर काय खाऊन आले ते तू दारातच ओळखायचास आणि आईकडे चहाडी करायचास. त्या सगळ्या चहाड्यांची भरपाई समज.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

*

ता. १५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तुझी वहिनी तिच्या बहिणीकडे गेलीय, म्हणून एकट्यानेच करून प्यायलो. मातीचा वास छान उतरलाय, कॉफीवर जराही कुरघोडी करत नाही. घशाशी थोडी खरखरते, तेवढी बारीक दळ.

भाजायचं काम मात्र दुसऱ्या कुणाला दे. भट्टी विकून टाकावी म्हणतोय, एक गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं. पावसाळ्यातल्या त्या तापापासून अंगात पूर्वीचा दम राहिला नाही. वाईट वाटून घेऊ नकोस आणि वहिनीला यातलं काही लिहू नकोस.

तब्येतीला जप. आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा,
दादा

*

ता. २२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज फळीवर अळंबीच्या भुकटीचा डबा सापडला. भरलेला, जसाच्या तसा! म्हणजे तुला गेला तो लाकडाचा भुसा, ज्यावर मी अळंबी वाढवते. वाफवलेला, स्वच्छ होता, घाबरू नकोस. खरखरणारच की रे! आधी पोट धरधरून हसले. मग तू लिहिलेला तो ‘छान उतरलेला’ मातीचा वास आठवला आणि हसू जागच्या जागी विरलं.

दादा, तुला वास येत नाही ना? त्या तापापासूनच? आणि वहिनीलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीस! एवढं एकट्याने पोटात ठेवायला आम्ही काय मेलो होतो? रडू येतंय आणि तुझा रागही येतोय, अक्षरावरून कळेलच.

भट्टी विकायची नाही. दाणे तडतडतात ते तुला ऐकू येतं, रंग दिसतो. वासापुरती वहिनी आहे. शेजारच्या घरात दूध करपलं तरी तिला आधी कळतं. हा खरा डबा पाठवतेय, तो तिनेच उघडायचा.

रागावलेली, पण तुझीच,
भिंगरी

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र नेमकं वहिनीच्या हाती पडलं. दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन भट्टीशेजारी येऊन बसली.

खरं आहे तुझं. तापानंतर कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी झालं. भाजणाऱ्यालाच वास येत नाही हे बाहेर कळलं तर, या धास्तीने मी दुकान उशिरा उघडायचो. भट्टी गेली तर मी दिवसभर करू काय गं? डॉक्टर म्हणतात, वास परत येईलही, पण कधी ते सांगता येणार नाही.

आता मी कान लावतो, ती नाक लावते आणि मधल्या वेळात आम्ही भांडतो. पहिले दोन घाणे तिने फेकायला लावले. तिसरा पाठवतोय. अळंबी किती घालायची तेही तिनेच ठरवलंय. भट्टीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. मन हलकं झालं, भिंगरे.

रागवायची राहिली असशील तर तेही कर, पण लिहीत जा.

तुझा,
दादा

*

ता. १२ एप्रिल

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कॉफीने धमाल उडवलीय! कॅफेवाल्याची बरणी दुपारीच रिकामी होते. एक आजोबा अळंबीला नावं ठेवत दोन कप पितात. कॅफेवाल्याला पाकिटावर ‘आजार पळवते’ असं छापायचं होतं. मी सुनावलं, माझ्या भावाचं नाक अजून बरं नाही, तेव्हा नुसतं ‘चव चांगली’ एवढंच छाप.

नवीन अळंबीचा डबा पाठवतेय. वहिनी, दादाला फार बोलू नका, ते काम माझं आहे.

तुमची,
भिंगरी

*

ता. ३ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

या वेळी काय पाठवलंस गं! वहिनी बाहेर गेली होती म्हणून डबा मी उघडला, तर शी! ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. मी डबा लांब धरला. मग लक्षात आलं आणि तसाच उभा राहिलो. मग परत नाकाशी नेला. परत तोच कुबट वास!

वहिनी आली तेव्हा मी डब्यात तोंड घालून रडत होतो. तिला वाटलं, माल वाया गेला. तिने हुंगून बघितलं आणि म्हणाली, माल उत्तम आहे, याचा वास असाच असतो. मग तीही रडायला लागली. त्या भानगडीत भट्टीवरचा घाणा करपला, पण आम्ही दोघंही एकमेकांना काही बोललो नाही.

कॉफीचा वास अजून येत नाही. येईल. अळंबीने नाक उघडलं असं मात्र त्या कॅफेवाल्याला सांगू नकोस, लगेच पाकिटावर छापेल. पुढचा डबा लवकर पाठव आणि असाच घाणेरडा पाठव.

तुझा,
दादा